ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प

महाराष्ट्र राज्याच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, वाघांसाठी राखीव असलेले वनक्षेत्र. चंद्रपूर शहराच्या उत्तरेस सु. ४५ किमी. ताडोबा राष्ट्रीय उद्यान (११६.५५ चौ. किमी.) आणि त्याला लागून असलेले अंधारी वन्यजीव अभयारण्य (५०८.८५ चौ. किमी.) मिळून त्याचा गाभा होतो. या दोहोंची बेरीज ६२५.४० भरते, गाभाक्षेत्राचा आज रूढ असलेला आकडा मात्र ६२५.८२ आहे. भोवतालचे १,१०१.७७ चौ. किमी. बफर क्षेत्र धरून एकूण १,७२७.५९ चौ. किमी. बफर २०१० मध्ये जोडले गेले. त्यामुळे जुन्या ग्रंथांत गाभ्याचेच क्षेत्र संपूर्ण प्रकल्पाचे म्हणून दिलेले आढळते.

नावाबद्दल एकमत नाही. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, त्याला तळ्याकाठी देव मानून पुजले जाऊ लागले आणि त्याच्यावरून ‘ताडोबा’ हे नाव पडले, ही कथा आज सर्वत्र सांगितली जाते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांतली कथा निराळी आहे. चिमूरच्या डोंगरातून जाणारी गवळ्यांची वरात तहानेने व्याकूळ झाली. एका जख्ख म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून नवरा-नवरीने जमीन उकरली, झरा फुटला आणि पाणी वाढत जाऊन अख्खी वरात तळ्यात बुडाली. पुढे काठावर ताडाचे झाड उगवले. ते दिवसा वर येई व तिन्हीसांजेला जमिनीत जाई. एक यात्रेकरू त्याच्या शेंड्यावर बसून आकाशात गेला आणि उन्हाने करपला; झाडाचीही माती झाली आणि त्या जागी तळ्याच्या देवाची मूर्ती दिसू लागली. तिचे नाव तेथे ‘तारोबा’ असे येते. यात्रेकरूंनी हाक दिली की तळ्यातून भांडी वर येत, घासूनपुसून परत सोडावी लागत. एकाने ती घरी नेली तेव्हापासून ती येईनाशी झाली, अशीही पुरवणी आहे (भांड्यांची ही कथा महाराष्ट्रातल्या इतर तळ्या-डोहांबद्दलही ऐकू येते). विठोबा, म्हसोबा यांप्रमाणे ‘-ओबा’ हा प्रत्यय आणि र-ड हा बदल पाहता ‘तारोबा’ हे रूप दोन्ही कथांना जुळते. मात्र गॅझेटियरांतील कथेत वाघ कोठेच नाही. तेव्हा देव मुळात पाण्याचा असावा आणि वाघाचा संबंध मागाहून ठळक झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. तळ्याकाठच्या देवस्थानी पौषात यात्रा भरते. ‘अंधारी’ हे नाव नदीवरून आले.

हा प्रदेश चांद्याच्या (आजचे चंद्रपूर) गोंड राजांच्या अंमलाखाली होता. १७५१ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५३-५४ मध्ये इंग्रजांकडे गेला. मोहर्लीकडून तळ्याकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे आहेत. ते गोंडकालीन मानले जातात. त्यांतून दोर ओवून घंटा बांधीत व राजाच्या येण्याची वर्दी देत, असे वाटाडे सांगतात. खांब रस्त्याच्या कडेनेच आहेत, हे पाहता ती निदान वाट दाखवणारी रचना असावी.

शिकारबंदी १९३५ च्या सुमारास झाली. राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. पण त्या वर्षी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, हे सहसा कोणी सांगत नाही. मध्य प्रदेशातील कान्हा उद्यानही त्याच वर्षीचे. अभयारण्य १९८६ चे. व्याघ्र प्रकल्पाचे वर्ष १९९३ ते १९९५ असे वेगवेगळे दिले जाते. त्यांपैकी १९९५ ग्राह्य धरावे.

उत्तरेस चिमूरच्या टेकड्या, दक्षिणेकडे उतरती सपाटी. अंधारी नदी वैनगंगेला मिळते. पश्चिमेकडचे पाणी इरईतून वर्धेला जाते. बारमाही ताडोबा तलावात मगरी आहेत. वन शुष्क पानझडी : साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह आणि दाट बांबू. वाघाखेरीज बिबट, अस्वल, रानगवा, रानकुत्रे, सांबर, चितळ, चौसिंगा हे प्राणी आढळतात.

गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी इ. गावे बाहेर हलविण्यात आली. त्यांच्या शेतांची आता कुरणे झाली आहेत. बफरमधील गावे जागच्या जागी आहेत. तेथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचतात आणि मेमध्ये तेंदूपाने तोडतात. पाने ऊन चढण्याच्या आत तोडायची असतात; मग सत्तर पानांचे एक पुडके बांधून ते फळीवर (पाने खरेदी करण्याच्या केंद्रावर) पोचवायचे असते. म्हणून माणसे उजाडण्यापूर्वीच जंगलात शिरतात. खाली वाकून काम चालते, आणि वाघाच्या हल्ल्यांत सापडणाऱ्यांत अशा मोह-तेंदू वेचणाऱ्यांचा भरणा बराच असतो.