सहवासी सूक्ष्मजीव आणि प्रतिकारसंस्था

त्वचेवर व आतड्यात कायमच्या वस्तीला असलेले सूक्ष्मजीव आणि शरीराची प्रतिकारसंस्था यांच्यातील देवाणघेवाण. परका दिसला की मारायचा, एवढेच प्रतिकारसंस्थेला ठाऊक असते तर आतड्याची आग कधी शमलीच नसती. प्रत्यक्षात जीवाणू कोण आहे याइतकेच तो कुठे आहे याकडेही तिचे लक्ष असते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी असतात. ‘पेशींच्या दहापट जीवाणू’ हे अजूनही सर्रास छापले जाणारे वाक्य त्यामुळे मोडीत निघाले आहे. यांतले बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात, आणि त्यांच्या व रक्ताच्या मध्ये आतड्याच्या अस्तराचा एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो.

म्हणून पहिला उपाय अंतर राखण्याचा. मोठ्या आतड्यात श्लेष्माचे, म्हणजे अस्तरावरच्या बुळबुळीत स्रावाचे, दोन पदर असतात. बाहेरच्या सैल पदरात जीवाणू नांदतात, तर आतला घट्ट पदर जवळजवळ जीवाणूरहित असतो. लहान आतड्यात अशी भक्कम गादी नसते. तिथे अस्तरातल्या पॅनेथ नावाच्या पेशी जीवाणूनाशक प्रथिने सोडतात. उंदरांमध्ये अशाच एका प्रथिनामुळे अस्तर आणि जीवाणू यांच्यात सुमारे ५० मायक्रोमीटरची मोकळी पट्टी राहते, हे २०११ मध्ये दिसून आले.

दुसरा उपाय आयजीए या प्रतिपिंडाचा. आतड्यात ते रोज काही ग्रॅम स्रवते. ते जीवाणूंना चिकटते, त्यांना अस्तरापासून दूर ठेवते आणि हे सारे दाह न भडकवता करते. मात्र प्रतिपिंड चिकटले म्हणजे हकालपट्टी, असे नेहमी नसते. ‘बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस’ हा जीवाणू उलट याच प्रतिपिंडाच्या आधाराने उंदरांच्या श्लेष्मात पाय रोवतो.

जीवाणूंशिवाय ही संस्था नीट वाढतच नाही. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातील लसिकापेशींचे पुंजके, म्हणजे पेयर पट्ट, लहानखुरे राहतात आणि आयजीए फार कमी असते. त्यांना ठरावीक जीवाणू दिले की ठरावीक पेशी वाढतात. अस्तराला चिकटून राहणारा एक तंतुमय जीवाणू दाहाला चालना देणाऱ्या टीएच-१७ पेशी (टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढवतो (२००९), तर क्लॉस्ट्रिडियम गटातील काही जीवाणू दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढवतात (२०११). चोथ्यातील तंतू आंबवताना जीवाणू ब्युटिरेट हे छोटे मेदाम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे ते मुख्य इंधन असते आणि नियामक पेशींची वाढही त्याने होते. या नियामक पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ओळखल्या. त्या संशोधनासाठी २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले.

त्वचेचे गणित वेगळे. ती कोरडी, खारट, किंचित आम्ल आणि अन्नाच्या दृष्टीने कंगाल; वस्ती विरळ, पण केसांच्या मुळांशी खोलवर गेलेली. जर्मन संशोधक पॉल लाँगरहान्स यांनी १८६८ मध्ये वर्णिलेल्या त्वचेतील फांद्याफांद्यांच्या पेशी त्यांना चेतापेशी वाटल्या होत्या. त्या प्रत्यक्षात पहारेकरी निघाल्या. त्वचेचे कुंपण न मोडता त्या आपल्या फांद्या वर काढून तिथला नमुना घेतात. ‘स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस’ हा त्वचेवरचा नेहमीचा जीवाणू तेथील टी-पेशींना सज्ज करतो आणि आतड्यातील जीवाणूंचा त्यात हातभार नसतो, असे २०१२ मधील उंदरांवरील प्रयोगांत आढळले. वेळही महत्त्वाची. याच जीवाणूची ओळख जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत झाली तर उंदरांची त्वचा त्याला सोसते. मोठेपणी प्रथमच भेटला तर तशी सहनशीलता येत नाही.

हाच ‘एपिडर्मिडिस’ शिरेतल्या नळीवर किंवा कृत्रिम सांध्यावर चढला की चिवट संसर्ग होतो. जीवाणू तोच, जागा चुकली. ‘चांगले जीवाणू’ हा जाहिरातींचा लाडका शब्द म्हणूनच फारसा कामाचा नाही.

सीमा कच्ची असली की बिघाड दिसतो. जीवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणाऱ्या ‘नॉड-२’ जनुकातील बदलांचा क्रोन विकाराशी, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाशी, असलेला संबंध २००१ मध्ये, तर त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिनच्या जनुकातील दोषांचा अटोपिक इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये समोर आला. इसब उसळते तेव्हा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ची वाढही बहुधा सोबत असते, तो कारण आणि परिणाम दोन्ही ठरू शकतो. प्रतिजैविकांनी आतड्यातली वस्ती उठली की ‘क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल’ हा जीवाणू फोफावतो आणि जुलाब लागतात. वारंवार उलटणाऱ्या या जुलाबावर निरोगी दात्याच्या विष्ठेतील जीवाणूंचे रोपण प्रतिजैविकापेक्षा सरस ठरल्याचे २०१३ च्या चाचणीत दिसले. दुकानातल्या सरसकट प्रोबायोटिक गोळ्यांपाठी इतका सज्जड पुरावा नाही.

त्वचेवरचा जीवाणू संसर्ग न करताही प्रतिपिंडे तयार करवून घेतो. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धनुर्वाताच्या विषाचा निरुपद्रवी तुकडा वाहणारा ‘एपिडर्मिडिस’ उंदरांच्या अंगाला नुसता चोळला गेला. पुढे त्यांना या विषाची मारक मात्रा टोचली, तरी ते उंदीर वाचले.