‘माहीत नव्हतं’ म्हणजे नेमकं काय माहीत नव्हतं?

हळदीच्या मांडवात ग्रामसेवक आणि पोलीस येऊन उभे राहिले की सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: “आमाला काय ठाव, भाऊसाहेब?” मुलीचा बाप हेच म्हणतो, लग्न लावणारे गुरुजी हेच म्हणतात, मंडपवालाही हेच. बीड-परभणीकडे बालविवाह थांबवायला जाणाऱ्या कुणालाही विचारा. वाक्य एकच, पण कायद्याच्या लेखी त्याचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून फार लांब आहेत.

गुरुजींचं म्हणणं असं: “पोरगी सतराची आहे हे मला माहीत नव्हतं. मला दाखवलेल्या कागदावर एकोणीस होतं.” ही वस्तुस्थितीची चूक. बापाचं म्हणणं असं: “अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हेच मला माहीत नव्हतं.” ही कायद्याची चूक. पहिली बचाव ठरू शकते, दुसरी ठरत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १४ आणि १७ हेच सांगतात. जुन्या दंड संहितेत ती ७६ आणि ७९ होती. वस्तुस्थितीच्या चुकीमुळे, सद्भावनेनं, आपण करतोय ते कायदेशीर आहे असं समजून केलेलं कृत्य गुन्हा नाही. पण हीच समजूत कायद्याच्या चुकीतून आलेली असेल तर हे संरक्षण नाही. संहितेतलंच उदाहरण घ्या. एक माणूस दुसऱ्याचा खून करतोय असं तुम्हाला दिसलं आणि पोलिसांच्या हवाली करायला तुम्ही त्याला धरलं. नंतर कळलं की तो स्वतःचा जीव वाचवत होता. तरी तुमचा गुन्हा नाही.

यातला ‘सद्भावना’ हा शब्द नुसत्या चांगल्या मनाबद्दल नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेनं केली असं कायदा मानतच नाही. गुरुजींची खरी परीक्षा इथंच होते. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ च्या कलम १० मध्ये लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण हा बालविवाह नाही असं मानायला आपल्याकडे कारण होतं, हे त्यानं सिद्ध केलं तर तो सुटतो. सिद्ध त्यानं करायचं, सरकारनं नाही. मग कोर्टात प्रश्न येतात. कागद कोणता पाहिला? आधार कार्डाची झेरॉक्स, की शाळेचा निर्गम उतारा? २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या एका दाव्यात वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला धरला. ज्या गावात मुलगी कालपर्यंत नववीच्या वर्गात बसत होती, त्याच गावातल्या माणसानं नुसती झेरॉक्स पुढं केली तर ती कितपत टिकेल? माझ्या मते फार नाही.

बापाला तर ही वाटही नाही. लेकीचं वय त्याला माहीतच असतं. त्याच्याकडं उरतं ते फक्त कायद्याचं अज्ञान. मला त्या बापाबद्दल वाईट वाटतं, हे लपवत नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचं, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर, आणि वयात आलेली पोर गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? पण मुलीसाठी अठराची अट १९७८ पासून आहे. ‘माहीत नव्हतं’ एवढ्यावर सुटका होऊ लागली, तर माहिती करून न घेणंच सगळ्यांच्या सोयीचं होईल, आणि त्याचा भार त्या पोरीवर पडेल. बापाची अडचण कोर्ट शिक्षा ठरवताना लक्षात घेऊ शकतं, गुन्हा ठरवताना नाही.

कायदा सगळ्यांना माहीत असतो असं कोर्ट मानतं, हाही एक गैरसमज. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की असं कोणतंही गृहीतक नाही. नियम एवढाच, की अज्ञान ही सबब चालत नाही.

हा नियम किती कडक आहे ते मायर हान्स जॉर्ज खटल्यात दिसतं. नोव्हेंबर १९६२ मध्ये हा जर्मन माणूस अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोनं लपवून मनिलाला निघाला होता. विमान मुंबईला थांबलं. सोन्याबद्दलची नवी अधिसूचना राजपत्रात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते, आणि तो परदेशात होता. तरी सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं त्याला दोषी धरलं. इथं राजपत्र निघालं होतं, हे महत्त्वाचं.

कारण कायदा प्रसिद्धच झाला नसेल, तर गोष्ट बदलते. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळानं अफूचा कायदा ठराव करून मंजूर केला, पण लोकांपुढं आणलाच नाही. त्याखाली शिक्षा झालेल्या हरला नावाच्या माणसाला सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्ये सोडलं. गावात साधं पाणी सोडायचं तरी दवंडी देतात; ज्याची दवंडीच कुणी दिली नाही, त्या कायद्यानं माणसाला कसं बांधायचं?

आणखी एक जागा आहे, तिथं या दोन चुकांमधला बांध पुसट होतो. वाटणीत आपल्याकडं आलंय असं मनापासून समजून एखाद्यानं बांधावरची बाभूळ तोडून नेली. मालकीचा कायदा समजण्यात त्याची चूक असेल, पण चोरीला लागणारा अप्रामाणिक हेतू नाही, म्हणून चोरी होत नाही. भावकीचा दिवाणी दावा मात्र होऊ शकतो.

पुन्हा त्या मांडवाकडं येते. लग्न झालंच, तरी ते रद्द करून मागायचा हक्क त्या मुलीला आहे, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावं पूर्ण होईपर्यंत. ही मुदत तिला कुणी सांगत नाही. तोवर ती कारखान्यावर कोप्यात, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत असते, बहुधा एक लेकरू कडेवर असतं, आणि मुदत सरत असते.