अंड्यावर अंडं

कोसळण्याच्या बेतात असलेल्या राज्याबद्दल चिनी लोक म्हणतात, ‘वेइ रू लेइ ल्वान’: रचलेल्या अंड्यांइतकं धोक्यात. ही उपमा इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातल्या हान फेइ या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात आहे. जिन राज्याचा परागंदा राजपुत्र चोंग-अर आश्रयाला आला, तेव्हा त्साओच्या राजाने त्याला उघडा करून न्याहाळलं. कारण चोंग-अरच्या बरगड्या जुळलेल्या आहेत अशी ख्याती होती. पुढे चोंग-अर जिनच्या गादीवर बसला आणि इ.स.पूर्व ६३२ मध्ये त्साओवर चालून गेला. जिन आणि छू या दोन राज्यांच्या कात्रीत सापडलेला त्साओचा राजा म्हणजे, हान फेइच्या मते, रचलेली अंडी.

शून शी नावाच्या मंत्र्याने जिनच्या लिंग राजासमोर सोंगट्यांवर नऊ अंडी रचून दाखवली, अशीही एक गोष्ट आहे. ती खुशाल सोडून द्या. शून शी इ.स.पूर्व ६५१ मध्येच मेला होता आणि लिंग गादीवर आला ६२० मध्ये!

उपमा मात्र भौतिकशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरते. गोलसर वस्तू दुसऱ्या गोलसर वस्तूवर स्थिर राहायची तर अट अशी:

१/उ > १/व + १/ख

‘उ’ म्हणजे स्पर्शबिंदूपासून गुरुत्वमध्याची उंची. ‘व’ आणि ‘ख’ या वरच्या व खालच्या वस्तूंच्या वक्रतात्रिज्या, म्हणजे स्पर्शाच्या जागी त्यांच्या गोलाईला जुळणाऱ्या वर्तुळांच्या त्रिज्या. आता वरचं अंडं आडवं ठेवा. त्याचा मधला छेद वर्तुळाकार, गुरुत्वमध्य त्या वर्तुळाच्या केंद्रापाशी; म्हणजे त्या दिशेने उ = व. अट उरली १/उ > १/उ + १/ख, आणि ‘ख’ कितीही मोठी घेतली तरी ती पुरी होणं अशक्य. खाली सपाट टेबल असेल तर शेवटचं पद शून्य होतं, अंडं नुसतं गडगडतं. उभं ठेवलं तर हाल आणखी वाईट: टोकाशी ‘व’ कमी, ‘उ’ जास्त.

तरीही माणसं अंडी रचतात, कारण खरं कवच गुळगुळीत नसतं. त्यावरचे तीन बारीक उंचवटे तिवईचे पाय होतात. गुरुत्वमध्य त्या इवल्या त्रिकोणावर आला की काम झालं. वसंतारंभी, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या सुमारास, अंडं उभं राहतं अशी चिनी समजूत आहे. १९४७ मध्ये तिची बातमी जपानभर गाजली. हिमकणांचे अभ्यासक उकिचिरो नाकाया यांनी ते कुठल्याही दिवशी उभं राहतं हे दाखवलं. आपल्याकडे ग्रहणात परातीत मुसळ उभं करणाऱ्यांनी तेच मुसळ एखाद्या साध्या मंगळवारीही उभं करून पाहावं.

अंडी रचायचीच असतील तर खरखरीत कवचाची घ्या, आणि खाली जाड फडकं अंथरा.