रेवदंड्याच्या तटाआतून : आमच्यासोबत चालायला येणाऱ्यांसाठी

नमस्कार. येण्याआधी हे पान एकदा वाचून घ्या, म्हणजे काय बघायचं ते चालताना लगेच ओळखू येईल.

"किल्ला कुठे आहे?" हा प्रश्न आम्हाला रोज ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा किल्ल्यातच उभा असतो. रेवदंडा हे पोर्तुगिजांचं तटबंदीचं शहर होतं. त्याच तटाच्या आत आज गाव नांदतंय, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि अलिबाग-मुरूड रस्ताही तट ओलांडूनच जातो. त्यामुळे इथे डोंगरी किल्ला शोधू नका. वाड्यांमधून एक शहर शोधायचं आहे.

रेवदंड्याला लागून असलेलं चौल बंदर पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीचं. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथेच उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. 1508 मध्ये चौलसमोरच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे 1521 मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी इथे कोट बांधायला घेतला. 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीच्या फौजेने शहराला वेढा घातला, पण ते पडलं नाही. 1740 मध्ये ते मराठ्यांकडे आलं.

सातखणी बुरूज सगळ्यांना बघायचा असतो. नाव बुरूज असलं तरी तो मुळात फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. सातपैकी काहीच मजले उरलेत. आत शिरून वर चढायचा प्रयत्न कृपया करू नका, दगड सुटे झालेत. आमच्या मते त्याहून जास्त वेळ द्यावा तो डॉमिनिकन चर्चच्या अवशेषांना. वेदीवरची दगडी कमान मान वर करून नीट बघा. एवढ्या पावसाळ्यांनंतरही ती उभी आहे, हे बघून आम्हाला आजही भरून येतं.

चालण्याची वेळ आम्ही घड्याळावर नाही, पंचांगावर ठरवतो. समुद्राकडच्या तटाखालून चालायचं तर ओहोटीच हवी. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणून अष्टमीच्या सुमारास आधी वाड्यांतून फिरून दुपारकडे पुळणीवर उतरतो, तर अमावास्या-पौर्णिमेला पहाटेच किनारा गाठावा लागतो. बुकिंगच्या वेळी सांगितलेली वेळ म्हणूनच दर खेपेला वेगळी असते.

बरेचसे अवशेष लोकांच्या खासगी वाड्यांत आहेत. मालकांना आम्ही आधी विचारलेलं असतं; तरी गडगा (दगडी कुंपण) ओलांडून परस्पर कुठे जाऊ नका, आणि घरांचे, माणसांचे फोटो विचारूनच काढा. माडाखाली रेंगाळू नका, नारळ किंवा झावळी कधी पडेल सांगता येत नाही. पायात बंद बूट हवेत. पावसाळ्यात आम्ही तटावर चढत नाही, शेवाळ फार असतं.

पुळणीवरून दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगिजातून तयार झालेली बोली आजही घराघरांत बोलतात. तिथे जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, जेवणानंतर गाडीने नेऊ.