एकाचे दोन होताना : जिवाणूंच्या विभाजनामागची प्रथिनं

मे महिन्यात नागपुरात पारा ४२ अंशांवर गेला तर कुणाला नवल वाटत नाही. जिवाणूचं विभाजन नेमकी कोणती जनुकं घडवतात, याचा शोध मात्र याच आकड्याने लावून दिला. १९६० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये युकिनोरी हिरोता आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचे काही बिघडलेले वाण वेगळे काढले. ३० अंशांवर ते व्यवस्थित वाढत आणि एकाचे दोन होत. ४२ अंशांवर ठेवलं की वाढ चालू राही, डीएनएच्या प्रतीही निघत, पण मधली भिंत काही उभी राहत नसे. दोन मायक्रॉनच्या काडीचा लांबच लांब धागा व्हायचा. या वाणांमधल्या बिघडलेल्या जनुकांना ‘एफटीएस’ (‘तापमान वाढलं की धागे होणारे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) हे नाव पडलं.

असे धागे नागपुरातही दिसतात. धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या लॅबमध्ये लघवीचा नमुना येतो, रुग्णाने आधीच सेफॅलेक्सिन हे पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक सुरू केलेलं असतं. ग्रॅम स्टेन (जिवाणू ओळखण्यासाठी रंग देण्याची पद्धत) केलेल्या स्लाइडवर आखूड गुलाबी काड्यांमध्येच वळणावळणाचे गुलाबी धागे पडलेले असतात. नवख्या विद्यार्थ्याला ती बुरशी वाटते. बुरशी असती तर जांभळी दिसली असती. पेनिसिलिनच्या थोड्या मात्रेने जिवाणू असे लांबतात हे १९४० मध्येच नोंदवलं गेलं होतं. उलगडा व्हायला १९७५ उजाडलं. पेनिसिलिन ज्यांना चिकटतं ती प्रथिनं अनेक आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं, हे ब्रायन स्प्रॅट यांनी दाखवून दिलं. त्यातलं तिसरं, पीबीपी-३, बंद पडलं की पेशी वाढते पण दुभंगत नाही. हिरोतांच्या मालिकेतल्या एफटीएसआय जनुकापासून बनणारं प्रथिन ते हेच. म्हणजे औषध आणि उष्णता, दोन वाटांनी गेलेली माणसं एकाच प्रथिनापाशी पोचली.

तरी या गोष्टीचा नायक एफटीएसझेड, म्हणजे त्याच नावाच्या जनुकापासून बनणारं प्रथिन. हिरोतांच्याच संग्रहातल्या एका वाणावर काम करताना जो लुटकेनहाउस आणि विल्यम डोनाकी यांच्या गटाने १९८० मध्ये हे जनुक वेगळं ओळखलं. पुढे १९९१ मध्ये अर्फेई बी आणि लुटकेनहाउस यांनी सोन्याचे कण जोडलेल्या प्रतिपिंडांनी हे प्रथिन पेशीत कुठे आहे ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. कण पेशीच्या बरोबर मध्यावर, आतल्या कडेने, कड्यासारखे मांडलेले होते आणि पेशी चिमटत जाई तसं कडं लहान होत होतं. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा क्षण हाच. जिवाणूला सांगाडा नसतो, तो म्हणजे विकरांनी भरलेली पिशवी, अशीच तोवर समजूत होती.

१९९८ मध्ये केंब्रिजच्या यान लोवे आणि लिंडा एमोस यांनी एफटीएसझेडची त्रिमितीय रचना मांडली. ती आपल्या पेशींच्या सांगाड्यातल्या ट्युब्युलिन या प्रथिनाशी विलक्षण जुळली. दोघांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात साम्य अगदी थोडं, पण घडी तीच.

कडं मधोमधच का बसतं? ते टोकाशी बसू नये म्हणून ई. कोलायकडे मिन प्रथिनं असतात. ती बिघडली की टोकाला डीएनए नसलेल्या चिमुकल्या पेशी सुटतात. त्या १९६७ मध्येच दिसल्या होत्या. मिनडी हे प्रथिन काही सेकंदांच्या अंतराने या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावे घेतं, हे १९९९ मध्ये कळलं. क्षयाच्या जिवाणूकडे ही यंत्रणाच नाही. तो भिंतीची जागा कशी ठरवतो, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही आणि क्षयाचं ओझं वाहणाऱ्या आपल्या देशाला तो जवळचा वाटायला हवा.

२०१७ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. एफटीएसझेडचे तंतू एका टोकाला वाढतात, दुसऱ्या टोकाला झिजतात आणि असे पुढे सरकताना भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना सोबत फिरवतात.

औषधाच्या दिशेने भारतातही काम झालं आहे. आयआयटी मुंबईत दुलाल पांडा यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की हळदीतलं कर्क्युमिन एफटीएसझेडची जुळणी रोखतं आणि बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे धागे होतात. हे प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे. हळदीच्या दुधाने संसर्ग बरा होतो असा अर्थ त्यातून काढू नये. त्याच वर्षी पीसी१९०७२३ या रेणूने स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची बाधा झालेले उंदीर वाचवले. मात्र ई. कोलायसारखे ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी दिसणारे) जिवाणू तो रेणू पेशीबाहेर फेकून देतात. एफटीएसझेडवर नेम धरलेलं एकही प्रतिजैविक अजून डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर आलेलं नाही.