रस्ता बंद, घर मात्र आत: रहिवासी आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी ये-जा करण्याची परवानगी कशी घ्यावी

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ पासूनची ही परंपरा. रथ थांबवायला-वळवायला चाकाखाली मोगरी (लाकडी ठोकळा) लावणारे, सुभाष चौकातली गर्दी, भिलपुऱ्यात थांबणारा रथ हे पाहायला माणसं गावोगावाहून येतात, आणि जुन्या जळगावातले रस्ते त्या दिवशी वाहनांना बंद होतात. पारोळ्याला बालाजीचा रथ, अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांचा, धुळ्याला चैत्रात एकवीरा देवीची यात्रा, सारंगखेड्याला दत्तजयंतीचा घोडेबाजार. खान्देशात असे दिवस वर्षभर येत राहतात. त्यात गणपती विसर्जन आणि पुलांची कामं धरा. जळगावातल्या शिवाजीनगरचा रेल्वे उड्डाणपूल पाडला तेव्हा पलीकडच्या लोकांनी घातलेले फेरे अजून कोणी विसरलेलं नाही.

रस्ता बंद होण्याबद्दल माझी तक्रार नाही. गर्दीत गाडी घुसली तर माणूस चिरडला जातो. पण बंद रस्त्याच्या आत ज्यांचं घर आहे त्यांनी काय करायचं, हे बहुतेकांना बॅरिकेडपाशी पोहोचल्यावरच कळतं. एका वर्षी आमच्या गल्लीतल्या काकू दवाखान्यातून परतत होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेले. रिक्षा चौकात अडवली. रिक्षावाल्या दादाने हात जोडले, काकूंनी फाईल दाखवली, पण नाक्यावरच्या पोराला सोडायचा अधिकारच नव्हता. काकू काठी टेकत घरापर्यंत चालत आल्या. तेव्हापासून गल्लीतल्या लोकांचे अर्ज मी लिहून देतो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी आदेश हातात घ्या

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे वाहतुकीचे असे आदेश साधारणपणे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतात. त्यामागे दोन कायदे असतात: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३३, आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५. या ११५ मधली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर तो राजपत्रात छापावा लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. म्हणजे रथ, विसर्जन, यात्रा यांचे आदेश राजपत्रात शोधत बसू नका. ते स्थानिक वर्तमानपत्रात, पोलीस ठाण्यात आणि शहर वाहतूक शाखेत मिळतात.

आदेशात चार गोष्टी बघायच्या. कोणत्या तारखेला किती वाजेपासून किती वाजेपर्यंत. कुठून कुठपर्यंतचा रस्ता. पर्यायी मार्ग कोणता. आणि सूट कोणाला. शेवटचा परिच्छेद सगळ्यात नीट वाचा. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांना बहुधा तिथेच सूट दिलेली असते. रहिवाशांचा उल्लेख कधी असतो, कधी नसतो. असेल तर वेगळा पास लागत नाही, पत्त्याचा पुरावा खिशात ठेवला की झालं. नसेल तर अर्ज करायचा.

पुष्कळांना वाटतं की राज्यभर चालणारा ‘रहिवासी पास’ नावाचा काही छापील फॉर्म असतो. तसा नसतो. प्रत्येक आदेशापुरती परवानगी असते, तीही वाहतूक शाखेने परिस्थिती बघून द्यायची. म्हणूनच अर्ज कसा लिहिला आहे आणि किती दिवस आधी दिला आहे याला फार किंमत आहे.

कोणाला मिळते

घर बंद भागात आहे, गाडी त्याच घरातली आहे आणि बाहेर पडायला दुसरी वाट नाही, असं असेल तर तुमची बाजू भक्कम. गल्लीचं दुसरं तोंड मोकळ्या रस्त्याला लागत असेल तर पोलीस तिकडून जायला सांगतील, आणि ते बरोबरच आहे. आत फक्त दुकान असेल तर मालाची गाडी बंदीच्या वेळेआधी किंवा नंतर आणायला सांगतात. त्यासाठी भांडू नका, वेळ ठरवून घ्या.

प्रत्यक्ष मिरवणूक पुढून जात असताना पास असला तरी गाडी सोडत नाहीत. पास मिळाला म्हणजे दिवसभर केव्हाही वाट मोकळी, असं कोणी समजू नये.

कागदपत्रं

अर्ज साध्या कागदावर, शहर वाहतूक शाखेच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे. सोबत गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचं लायसन्स, विमा आणि पीयूसी यांच्या झेरॉक्स. पत्त्यासाठी आधार, शिवाय लाईट बिल किंवा घरपट्टीची पावती. भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि घरमालकाचं दोन ओळींचं पत्र. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा.

घोडं अडतं ते नोंदणी प्रमाणपत्रावरच्या पत्त्यावर. माणूस दहा वर्षांपासून जुन्या जळगावात राहतो, पण आरसीवर पत्ता चोपड्याचा किंवा शहाद्याचा. खरं तर पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ४९ तेच सांगतं आणि त्यासाठी नमुना ३३ भरायचा असतो. ते काम राहून गेलं असेल तर लपवू नका. ‘वाहनाचा नोंदणीकृत पत्ता वेगळा आहे, सध्याच्या वास्तव्याचा पुरावा जोडला आहे’ असं अर्जातच लिहा.

अर्जाचा मजकूर लांबवू नये. मी असा लिहितो: ‘आम्ही खाली सह्या करणारे अमुक गल्लीचे रहिवासी आहोत. दिनांक अमुकच्या आदेशाने अमुक चौक ते अमुक चौक हा रस्ता बंद राहणार आहे. आमच्या घरांना दुसरा वाहनमार्ग नाही. सोबतच्या यादीतील वाहनांना मिरवणुकीची वेळ वगळून ये-जा करू द्यावी, ही विनंती.’ खाली तक्ता: नाव, घर क्रमांक, गाडी क्रमांक, मोबाईल. गल्लीतल्या सगळ्यांचा एकच अर्ज केला तर अधिकाऱ्यालाही सोपं जातं, कारण तीच यादी नाक्यावरच्या बंदोबस्ताला देता येते. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. निदान आठवडाभर आधी जा. आदल्या दिवशी वाहतूक शाखेतला प्रत्येक माणूस बंदोबस्ताच्या कामात असतो.

रिक्षा आणि टॅक्सीवाल्यांसाठी

इथे दोन प्रकार वेगळे धरा. रिक्षावाला स्वतःच बंद भागात राहत असेल तर रात्री रिक्षा घरापुढे लावण्यापुरता तोही रहिवासीच आहे. त्याने वरच्या यादीत नाव घालावं आणि परवाना, योग्यता प्रमाणपत्र, बॅजची प्रत जोडावी. हे लोक मागायलाच जात नाहीत. ‘आपल्याला कोण देणार’ म्हणत रिक्षा दोन किलोमीटरवर नातेवाइकाकडे लावतात. मागा. तुमचा हक्क मोटारवाल्याइतकाच आहे.

दुसरा प्रकार प्रवासी घेऊन आत जाणाऱ्याचा. परमिट आहे म्हणून बंद रस्त्यात जाता येत नाही. परमिट भाडं मारण्याचं असतं, निर्बंधातून सुटण्याचं नव्हे. इथे प्रवाशाचा कागद कामी येतो. आतल्या घरचा म्हातारा माणूस, बाळंतीण किंवा दवाखान्यातून परतणारा रुग्ण गाडीत असेल तर त्याचा पत्ता आणि डॉक्टरांची चिठ्ठी नाक्यावर दाखवायची. डायलिसिससारखे ठरलेले वार असतील तर घरच्यांनी आधीच अर्ज करून त्यात रिक्षाचा क्रमांक टाकून ठेवावा. दिव्यांग व्यक्ती असेल तर यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत लावावी. आमच्या काकूंच्या रिक्षाचा क्रमांक त्या दिवशी यादीत असता तर ती काठी टेकायची वेळ आली नसती.

बाकी भाड्यांसाठी स्टँडवाल्यांनी एकत्र येऊन बंद भागाच्या कडेला तात्पुरता थांबा मागावा. कलम ११७ नुसार वाहनं थांबवायच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतात, म्हणून या अर्जाची एक प्रत जळगाव-धुळ्यात महापालिकेला आणि नंदुरबारला नगरपालिकेला द्या. काळी-पिवळी जीपवाल्यांनाही हाच रस्ता.

अत्यवस्थ रुग्ण असेल तर पास-बिस शोधत बसू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा, अडकलात तर ११२ लावा.

नाक्यावर आणि नंतर

‘कथा चालना, भाऊ?’ (कुठे चाललास, भाऊ?) असं पोलिसाने अहिराणीत विचारलं तर काच खाली करून पास आणि ओळखपत्र पुढे करा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं नियमाने चालतात, पण पासाची कागदी प्रत समोरच्या काचेवर लावलेली बरी. गर्दीत मोबाईलला रेंज नसते. पास एका गाडीचा असतो, तो शेजाऱ्याला देऊ नका. एकाने तसं केलं की पुढच्या वर्षी सगळ्या गल्लीचा अर्ज संशयाने बघितला जातो.

प्रवेशबंदी मोडल्याचा साधा दंड कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केल्यास १५०० रुपये. परवानगी असूनही ई-चलान आलं तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते. तिथे पासाचा फोटो, आदेशाची प्रत आणि शिक्का मारलेला अर्ज जोडा. आदेशच मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे यंदाच्या रथाला नाही, पण पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती प्रत उपयोगी पडते.