शाब्दिक उदाहरणे आणि मणीमाळ : पालकांसाठी माहितीपत्रक

पालकहो, नमस्कार.

आमचा मणीमाळेचा संच घेतल्याबद्दल मनापासून आभार. डब्यात वीस मण्यांची माळ आहे (दहा लाल, दहा पांढरे), तीस सुटे मणी, दोन लाकडी वाट्या आणि पुठ्ठ्याच्या काही पट्ट्या आहेत. पहिली-दुसरीच्या मुलांना बेरजेची शाब्दिक उदाहरणे सोडवताना हे सगळे कसे वापरायचे, ते या पत्रकात सांगितले आहे. मुलाच्या हाती डबा देण्याआधी एकदा वाचून घ्या.

दुकानात येणाऱ्या बहुतेक पालकांची तक्रार एकच असते. खाली-वर आकडे मांडून दिले की मूल बेरीज बरोबर करते, पण तीच बेरीज चार ओळींच्या उदाहरणात आली की पेन्सिल तोंडात घालून बसते. मग हळूच विचारते, "आई, अधिक करू की वजा?" हा प्रश्न आला की समजावे, मुलाने उदाहरणातले आकडे तेवढे उचलले आणि गोष्ट सोडून दिली.

हे आपल्याकडेच होते असे नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात १९८० च्या सुमारास गणित शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारले होते : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्याच आकड्यांची काहीतरी गोळाबेरीज करून वय सांगितले. या मुलांना हिशेब येत होता. उदाहरण म्हटले की दिसतील त्या आकड्यांचे काहीतरी करायचे, ही सवय मात्र त्यांना लागलेली होती. आपल्या घरात ती लागू नये, म्हणून पहिले काम आकडे बाजूला ठेवण्याचे.

आधी आकड्यांशिवाय गोष्ट

उदाहरण असे आहे असे धरा : "एसटीत ८ प्रवासी होते. थांब्यावर ५ प्रवासी चढले. आता गाडीत किती प्रवासी आहेत?" हे वाचताना आकडे गाळा. "एसटीत काही माणसं बसली होती. थांबा आला, आणखी काही माणसं चढली." एवढ्यावर थांबा आणि मुलाला बोलू द्या.

"आता गाडीत काय झालं असेल?"
"गर्दी झाली."
"म्हणजे माणसं वाढली की कमी झाली?"
"वाढली. कुणी उतरलंच नाही ना!"

"कुणी उतरलंच नाही" हे वाक्य मुलाच्या तोंडून आले की अर्धे उदाहरण सुटले. आता आकडे सांगा. एक वाटी म्हणजे एसटी. तिच्यात आठ मणी मुलालाच टाकू द्या, पाच मणी "थांब्यावर" उभे करा आणि त्यांनाही मुलालाच चढवू द्या. तुमचे हात मांडीवर राहिलेले बरे.

पहिलीत कित्येकदा मूल गणितात अडत नाही, वाचनात अडते. जोडाक्षर लावता लावता वाक्याची सुरुवात विसरून जाते. म्हणून आधी तुम्हीच वाचून दाखवा. ऐकून लगेच सुटत असेल, तर गणिताची काळजी सोडा आणि वाचनाकडे बघा. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर हीच गोष्ट घरी मराठीत सांगा. "ऑल्टुगेदर" आणि "हाऊ मेनी मोअर" यांत अडखळणारे मूल मराठीत तेच उदाहरण सहज सोडवते, हे आम्ही पुष्कळदा पाहतो.

सगळ्या बेरजा सारख्या नसतात

वरच्या एसटीच्या गोष्टीत डोळ्यांसमोर काहीतरी घडते, म्हणून ती मुलांना सोपी जाते. "डब्यात ६ बेसनाचे आणि ७ रव्याचे लाडू आहेत, एकूण किती?" यात घडत काहीच नाही, दोन भाग नुसते शेजारी आहेत. त्यासाठी दोन्ही वाट्या वापरा आणि शेवटी एकीत ओता.

खरी कसोटी पुढे आहे. "सईकडे काही चिंचोके होते. आजीने ५ दिले. आता १२ झाले. आधी किती होते?" इथे सुरुवातच झाकलेली आहे. मूल "दिले" ऐकते आणि १७ म्हणून मोकळे होते. अशा वेळी "चुकलं" म्हणू नका. गोष्ट मण्यांनी उलटी खेळून बघा : आत्ताचे बारा मांडा, आजीचे पाच परत करा, उरले ते सईचे आधीचे.

तुलनेची उदाहरणे सगळ्यांत अवघड. हडसन या अमेरिकी संशोधकाने १९८३ मध्ये मुलांना पक्षी आणि अळ्यांचे चित्र दाखवून दोन तऱ्हांनी प्रश्न विचारला. "अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?" याचे बरोबर उत्तर पहिलीच्या ६४ टक्के मुलांनी दिले. "प्रत्येक पक्षी एकेक अळी घ्यायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?" असे विचारल्यावर सगळ्यांनी बरोबर उत्तर दिले. चित्र तेच, उत्तरही तेच. म्हणून "कितीने जास्त" आले की दोन रंगांचे मणी समोरासमोर जोडीने लावा. ज्यांना जोडीदार नाही, ते मोजायचे.

"एकूण" म्हणजे बेरीज, "जास्त" म्हणजे बेरीज, "उरले" म्हणजे वजाबाकी, असे तक्ते भिंतीवर लावू नका, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. "आर्यनकडे ८ गोट्या आहेत, त्या सईपेक्षा ३ ने जास्त आहेत, तर सईकडे किती?" इथे "जास्त" पाहून बेरीज केली की ११ येतात. खरे उत्तर ५. तक्ता पाठ असलेले मूल इथे हमखास फसते.

माळ कशासाठी?

गोष्ट कळली की मोजणी. सुरुवातीला मूल आठ मणी मोजेल, पाच मोजेल आणि पुन्हा एकपासून सगळे मोजेल. त्यात वाईट काही नाही, ही पहिली पायरी आहे. काही दिवसांनी माळेवर आठ मणी सरकवून त्यांवर हात ठेवा आणि म्हणा, "हे आठ आहेतच, आता पुढे." मग नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. पुढे ३ + ९ असेल तेव्हा ९ पासून सुरू केले तर बोटे कमी लागतात, हे बहुतेक मुले स्वतःच शोधून काढतात. ते आधीच सांगून टाकू नका.

लाल-पांढरा रंग दहावर बदलतो, तो मुद्दाम. आठला लाल मणी संपवायला दोन लागतात. पाचातले दोन इकडे दिले की दहा पूर्ण, उरलेले तीन पांढरे, म्हणून तेरा. ही दहाची ओळख पक्की झाली की दुसरीतला हातचा जड जात नाही.

वीसच्या पुढे गेलात की एक अडचण खास मराठीतली. आपण "सत्तावीस" म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७२ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" असे वाचनही आले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. आमचे मत असे, की दोन्ही म्हणू द्यावे. मोजताना सत्तावीस, लिहिताना वीस आणि सात.

नाण्यांनी सुरुवात करू नका. पाच रुपयांचे नाणे हाताला एकच लागते आणि किंमत पाचाची, हा घोळ लहान मुलाला झेपत नाही. मणी नसतील तेव्हा चिंचोके, राजमा, बटणे काहीही चालते.

मण्यांवर दोन-तीन आठवडे खेळून झाले की पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढा. लांब पट्टीखाली दोन आखूड पट्ट्या शेवटाला शेवट जुळवून ठेवायच्या. वर "सगळे", खाली "हे" आणि "ते". जे माहीत आहे ते खडूने लिहायचे, माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह. चिंचोक्यांचे उदाहरण इथे मांडून बघा, प्रश्नचिन्ह खाली येते आणि १७ हे उत्तर मुलाला स्वतःलाच पटत नाही. मग वही आणि अधिकचे चिन्ह.

रोज दहा मिनिटे पुरेत, आणि दोनच उदाहरणे. तिसरे मुलाला बनवू द्या आणि ते तुम्ही सोडवा. "५ + ४ ची गोष्ट सांग" म्हटल्यावर त्याने भांडण, क्रिकेट, मांजरीची पिल्ले काहीही आणले तरी चालेल. त्याची गोष्ट आकड्यांशी जुळत असेल तर त्याला बेरीज कळली आहे.

डबा वापरताना

सुटे मणी तीन वर्षांखालच्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका, गिळले जाण्याचा धोका असतो. मणी लाकडी आहेत, पाण्यात भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. मणी हरवले किंवा माळेची दोरी सैल झाली तर डबा घेऊन दुकानात या, मणी बदलून आणि दोरी ओवून देऊ. डब्याबरोबर मूलही आले तर उत्तम. कुठे अडते ते त्याच्याशी बोलून आम्हाला जास्त कळते.